इंग्रजीतील पूर्ण आणि चालू पूर्ण काळ : एका व्याकरणिक निवडीचा इतिहास

प्रस्तावना

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यास 'हॅव रिटन' आणि 'हॅव बीन रायटिंग' या दोन रूपांतील भेद साधारणपणे एका वाक्यात सांगितला जातो. क्रिया पूर्ण झाली असल्यास पूर्ण वर्तमानकाळ वापरावा आणि ती भूतकाळात सुरू होऊन अद्याप चालू असल्यास चालू पूर्ण वर्तमानकाळ वापरावा, असा हा नियम आहे. त्याला जोडून 'सिन्स' किंवा 'फॉर' हे शब्द आले की चालू पूर्ण काळ योजावा, अशी परीक्षोपयोगी सूचनाही दिली जाते. नियम सुटसुटीत आहे, लक्षात राहणारा आहे. तथापि तो इंग्रजी भाषेच्या प्रत्यक्ष व्यवहाराशी जुळत नाही. 'मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो' या वाक्यातील ओळख संपलेली नसते, तरी इंग्रजीत तेथे 'हॅव नोन' हे पूर्ण काळाचेच रूप येते. उलट, डोळे लाल झालेल्या मुलीला 'हॅव यू बीन क्राइंग?' असे विचारले जाते तेव्हा तिचे रडणे बहुधा थांबलेले असते, तरी रूप चालू पूर्ण काळाचे असते. नियमानुसार वागणारा विद्यार्थी पहिल्या ठिकाणी 'हॅव बीन नोइंग' असे लिहितो आणि त्याचे गुण जातात. नियम पाळल्यामुळेच चूक घडावी, ही स्थिती अध्यापनाच्या दृष्टीने विचार करावयास लावणारी आहे.

हा दोष केवळ पाठ्यपुस्तकलेखकांचा नाही. त्याची मुळे 'पूर्ण' या संज्ञेच्या इतिहासात आहेत. प्रस्तुत निबंधात इंग्रजीतील ही दोन रूपे कशी घडली, व्याकरणकारांनी त्यांना कोणत्या चौकटीत बसविले आणि त्या चौकटीतून आलेली परिभाषा मराठी वर्गापर्यंत पोहोचताना कोणती अडचण निर्माण झाली, याचा आढावा घेण्यात आला आहे.

पूर्ण काळाची घडण

प्राचीन इंग्रजीत आजच्या अर्थाचा स्वतंत्र पूर्ण काळ नव्हता. क्रियापदाची मूळ काळरूपे वर्तमान आणि भूत अशी दोनच होती. 'जवळ असणे, बाळगणे' या अर्थाचे 'हब्बन' हे क्रियापद आणि भूतकालवाचक धातुसाधित यांच्या जोडणीतून पुढे पूर्ण काळ घडला. आरंभी या रचनेचा अर्थ 'अमुक वस्तू अमुक स्थितीत माझ्याजवळ आहे' असा होता. त्यामुळे धातुसाधित हे कर्माचे विशेषण असे आणि कर्माशी त्याचा विकार जुळत असे. पुढे हा विकार नाहीसा झाला, 'हॅव' मधील स्वामित्वाचा अर्थ पुसट होत गेला आणि ते निव्वळ साहाय्यक क्रियापद बनले.

मराठी वाचकास ही घडण परकी वाटण्याचे कारण नाही. 'पत्र लिहिले आहे', 'चिठ्ठी लिहिली आहे', 'कागद लिहिला आहे' या वाक्यांत धातुसाधित आजही कर्माच्या लिंगानुसार बदलते. 'चिठ्ठी लिहून ठेवली आहे' या प्रयोगात तर क्रियेपेक्षा तिच्या हाती असलेल्या फलावरच भर आहे. तसेच जाणे, येणे, होणे यांसारख्या अकर्मक क्रियापदांबरोबर इंग्रजीत पूर्वी 'हॅव' ऐवजी 'बी' हे साहाय्यक येत असे. 'तो आला आहे' याच धर्तीवर 'ही इज कम' असे म्हटले जाई. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत हा प्रयोग मागे पडला आणि 'हॅव' हेच साहाय्यक सर्वत्र रूढ झाले. म्हणजेच इंग्रजी पूर्ण काळाचा उगम क्रियेच्या समाप्तीत नसून क्रियेनंतर उरलेल्या स्थितीत आहे. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

चालू पूर्ण काळाचा उशिरा झालेला उदय

'बी' आणि वर्तमानकालवाचक धातुसाधित यांची जोडणी प्राचीन इंग्रजीतही आढळते. परंतु चालू क्रियेसाठी ती योजलीच पाहिजे, असे बंधन त्या काळी नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतही अशा ठिकाणी साधा वर्तमानकाळ सहज चालत असे. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात पोलोनियस हॅम्लेटला काय वाचीत आहात असे विचारतो तेव्हा तो साध्या वर्तमानकाळाचा उपयोग करतो; आज त्या प्रश्नास चालू वर्तमानकाळ अनिवार्य ठरेल.

पूर्ण आणि चालू या दोन्ही रचना एकत्र येऊन 'हॅव बीन' अधिक धातुसाधित असे रूप चौदाव्या शतकात दिसू लागते. चॉसरच्या 'कॅन्टरबरी टेल्स' मधील सरदाराच्या कथेत याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अथेन्सला परतणाऱ्या थीसिअसला वाटेत काळी वस्त्रे परिधान केलेल्या स्त्रिया भेटतात आणि आपण देवतेच्या मंदिरात पंधरवडाभर त्याची वाट पाहात आहोत, असे सांगतात. तेथे हेच संयुक्त रूप आले आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ज्याची वाट पाहिली तो समोर उभा असल्याने त्यांचे वाट पाहणे त्या क्षणी संपलेले आहे. 'क्रिया अद्याप चालू आहे' हा आजच्या वर्गातील निकष या रूपाच्या जुन्या आणि नामांकित उदाहरणासही काटेकोरपणे लागू पडत नाही. त्या स्त्रियांना काल किती गेला आणि तो कसा कंठला, हे सांगावयाचे आहे.

यानंतरही हे रूप दीर्घकाळ विरळच राहिले. चालू काळांचा मोठा विस्तार अठराव्या शतकापासून पुढे झाला. या बदलाचा पुरावा बायबलच्या इंग्रजी भाषांतरांतून चांगला मिळतो. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात वडील मुलगा बापाला आपण इतकी वर्षे तुमची सेवा करीत आहोत असे सुनावतो. 1611 च्या अधिकृत भाषांतरात तेथे 'सर्व्ह' या क्रियापदाचा साधा वर्तमानकाळ आहे. मूळ ग्रीकमध्येही वर्तमानकाळच असल्याने भाषांतरकारांनी तो तसाच ठेवला आणि तत्कालीन इंग्रजीस तो खटकला नाही. 1946 साली प्रसिद्ध झालेल्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनच्या नव्या करारात त्याच जागी पूर्ण वर्तमानकाळ येतो. त्याच परंपरेतील 1989 च्या न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनमध्ये चालू पूर्ण वर्तमानकाळ योजला आहे. मूळ वाक्य एक, वक्ता एक, प्रसंग एक; तरी तीन भाषांतरांत तीन काळरूपे आहेत. मुलाची सेवा 1611 मध्ये चालू, 1946 मध्ये समाप्त आणि 1989 मध्ये पुन्हा चालू झाली, असे कोणी म्हणणार नाही. 1946 च्या भाषांतरातून सेवेचा हिशेब पुढे येतो, तर 1989 च्या भाषांतरातून त्या सेवेचे कष्ट आणि मुलाच्या मनातील कढ अधिक जाणवतो. यावरून असे दिसते की, या दोन रूपांतील निवड घटनेने सर्वस्वी ठरत नाही. घटनेकडे पाहण्याची वक्त्याची दृष्टीही ती ठरविते.

व्याकरणकारांची चौकट

भाषेत रूप रूढ होत असता व्याकरणकारांची चौकट मात्र लॅटिनची होती. लॅटिन क्रियापदाची 'इन्फेक्टम' म्हणजे असमाप्त आणि 'पर्फेक्टम' म्हणजे समाप्त अशी विभागणी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हॅरोने मांडली होती. इंग्रजीतील 'पर्फेक्ट' ही काळसंज्ञा याच परंपरेतून आली. परंतु लॅटिनचे एकच पूर्ण रूप 'लिहिले' आणि 'लिहिले आहे' हे दोन्ही अर्थ वाहून नेत असे. इंग्रजीत या दोन अर्थांसाठी दोन निराळी रूपे असल्याने लॅटिन संज्ञा इंग्रजीस लावताना आरंभापासूनच ओढाताण झाली.

जेम्स हॅरिस याने 1751 मध्ये 'हर्मीस' या ग्रंथात काळांची तात्त्विक मांडणी केली. क्रियेचा आरंभ, मध्य आणि समाप्ती अशा तीन अवस्था त्याने कल्पिल्या. 'आय अ‍ॅम रायटिंग' हे मध्याचे आणि 'आय हॅव रिटन' हे समाप्तीचे रूप ठरले. रॉबर्ट लोथ याच्या 1762 च्या व्याकरणात काळांचे निश्चित आणि अनिश्चित असे दोन वर्ग असून निश्चित वर्गात अपूर्ण आणि पूर्ण अशी जोडी आहे. या मांडणीत जे अपूर्ण ते पूर्ण नव्हे आणि जे पूर्ण ते अपूर्ण नव्हे. साहजिकच ज्या रूपात दोन्ही खुणा एकत्र आहेत, त्या 'हॅव बीन रायटिंग' ला या चौकटीत स्वतंत्र घरच उरत नाही. चॉसरच्या काळापासून वापरात असलेले रूप अठराव्या शतकातील सर्वांत प्रतिष्ठित व्याकरणांत बेघर राहिले, याचे कारण हे तर्कशुद्ध दिसणारे द्वैत होय.

लिंडले मरे याचे 1795 चे 'इंग्लिश ग्रामर' पुढील अनेक दशके इंग्रजी जगतात सर्वाधिक खपणाऱ्या व्याकरणांपैकी एक होते. त्याने वर्तमान, अपूर्ण, पूर्ण, पूर्वपूर्ण आणि दोन भविष्यकाळ असे सहा काळ मानले. त्यातही 'अपूर्ण' हे नाव त्याने साध्या भूतकाळाला दिले, कारण लॅटिनच्या कोष्टकात त्या जागी ते नाव होते. 'बी' आणि धातुसाधित यांची रूपे त्याने सर्व काळांत चालणारा एक पर्यायी प्रकार म्हणून नोंदविली. मात्र पूर्ण आणि चालू पूर्ण यांतून केव्हा काय निवडावे, हा प्रश्न त्या सहा काळांच्या मांडणीतून उपस्थितच होत नाही.

भारतीय विद्यार्थ्यास परिचित असलेली चौकट यानंतरची आहे. भारतातील शिक्षणखात्यात अधिकारी असलेल्या जे. सी. नेसफील्ड यांच्या व्याकरणमालेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथील शाळांत मोठा प्रसार मिळविला. तिच्यात वर्तमान, भूत आणि भविष्य या तीन काळांचे प्रत्येकी चार प्रकार केलेले आहेत : अनिश्चित, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण. तीन ओळी आणि चार स्तंभ मिळून बारा घरांचे हे कोष्टक आजही वर्गाच्या फळ्यावर दिसते. बेघर रूपास या कोष्टकाने घर दिले, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. तथापि चौथा स्तंभ हा दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभांची बेरीज असल्याचा समज त्यातून दृढ झाला. 'पूर्ण' चा अर्थ समाप्त असा घेतल्यास ही बेरीज परस्परविरोधी ठरते. म्हणून 'चालू' हाच अंश अर्थवाही मानला गेला आणि 'अद्याप चालू असलेली क्रिया' हे लक्षण पुढे आले.

1930 नंतर प्रसिद्ध झालेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने हीच परंपरा पुढे नेली. त्यातील पी. सी. रेन यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केली होती. 1924 मधील 'बो जेस्ट' या कादंबरीचे लेखक म्हणूनही ते प्रसिद्ध आहेत. या व्याकरणाच्या प्रचलित सुधारित आवृत्त्यांत पूर्ण वर्तमानकाळाच्या उपयोगांत 'भूतकाळात सुरू होऊन वर्तमान क्षणापर्यंत चालत आलेली क्रिया' असाही एक उपयोग दिलेला आहे आणि चालू पूर्ण वर्तमानकाळाचे लक्षणही जवळजवळ त्याच शब्दांत येते. नोंदी प्रामाणिक आहेत. परंतु दोन रूपांची लक्षणे एकच असतील तर निवड कशाच्या आधारे करावयाची, याचे उत्तर विद्यार्थ्यास मिळत नाही. शिक्षकही मग 'सिन्स' आणि 'फॉर' यांच्या आश्रयाला जातो.

मराठी परिभाषेची भर

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी व्याकरणलेखनापुढे संस्कृत आणि इंग्रजी असे दोन आदर्श राहिले. पाणिनीय परंपरेतील भूतकाळवाचक लकारांचा भेद आजचे आणि आजच्यापूर्वीचे, तसेच प्रत्यक्ष आणि परोक्ष या तत्त्वांवर उभा आहे. पूर्ण आणि अपूर्ण हे द्वैत त्या परंपरेपेक्षा युरोपीय व्याकरणाशी अधिक जुळणारे आहे. मराठीत 'लिहीत आहे' हा अपूर्ण वर्तमानकाळ आणि 'लिहिले आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ अशी नावे रूढ झाली. याच नावांनी इंग्रजी काळ शिकविताना चौथ्या स्तंभास 'अपूर्ण पूर्ण' म्हणावे लागले असते. तो वदतोव्याघात टाळण्यासाठी 'चालू पूर्ण' हे नाव सोयीचे ठरले. लोथच्या चौकटीतील अडचण अशा रीतीने मराठीत नावापुरती मिटली; अर्थापुरती ती कायम राहिली. किंबहुना ती वाढली, कारण 'पर्फेक्ट' हा शब्द इंग्रजाच्या कानी निव्वळ पारिभाषिक असतो, तर 'पूर्ण' हा मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. 'काम पूर्ण झाले' म्हणजे संपले, असाच अर्थ विद्यार्थी घेणार.

दुसरी अडचण भाषांच्या स्वभावाची आहे. 'मी दोन तासांपासून वाचत आहे' या मराठी वाक्यात '-पासून' हा शब्दयोगी अव्ययाचा अंश कालावधी सांगतो आणि क्रियापद अपूर्ण वर्तमानकाळात राहते. विद्यार्थी 'आय अ‍ॅम रीडिंग सिन्स टू अवर्स' असे लिहितो तेव्हा तो मराठीचा नियम बिनचूक पाळीत असतो. फ्रेंच आणि जर्मन भाषांतही अशा वाक्यांत वर्तमानकाळच येतो, आणि 1611 च्या इंग्रजीलाही तो वर्ज्य नव्हता. म्हणजे या बाबतीत चारचौघांपेक्षा निराळी वागणारी भाषा आधुनिक इंग्रजी ही होय. ही वस्तुस्थिती सांगितल्यास विद्यार्थ्याच्या चुकीकडे अज्ञान म्हणून पाहण्याची गरज उरत नाही. शिवाय 'मी पंधरा वर्षे हेच सांगत आलो आहे' यासारखा प्रयोग मराठीत आहे आणि तो इंग्रजीच्या चालू पूर्ण काळाच्या पुष्कळ जवळ जातो. वर्गात त्याचा आधार क्वचितच घेतला जातो.

विसाव्या शतकातील नवी मांडणी

विसाव्या शतकात या प्रश्नाकडे नव्या दृष्टीने पाहिले गेले. ऑटो येस्पर्सन यांनी भूतकाळासह वर्तमान क्षणालाही पोटात घेणाऱ्या काळाची कल्पना मांडून 'ओळखतो' सारख्या वाक्यांतील इंग्रजी पूर्ण काळाचे स्पष्टीकरण केले. हान्स रायकेनबाख यांनी 1947 मध्ये बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि संदर्भाचा क्षण असे तीन बिंदू कल्पिले. पूर्ण वर्तमानकाळात घटना मागे असते, परंतु ती जेथून पाहिली जाते तो संदर्भ बोलण्याच्या क्षणाशी जुळलेला असतो. चालू पूर्ण काळात घटनेचा बिंदू लांबून रेषा होतो. पाहण्याची जागा तीच राहते. 'पूर्ण' या संज्ञेतील समाप्तीचा अर्थ या मांडणीने अनावश्यक ठरविला.

झेनो व्हेंडलर यांनी 1957 मध्ये क्रियापदांचे स्थिती, व्यापार, सिद्धी आणि क्षणिक घटना असे चार वर्ग पाडले. 'ओळखणे' ही स्थिती आहे. तिला टप्पे नसतात, म्हणून चालू रूप तिला मानवत नाही. 'धावणे' हा व्यापार आहे. 'पत्र लिहिणे' ही शेवट असलेली सिद्धी आहे. 'पोहोचणे' ही क्षणात घडणारी घटना आहे. बर्नार्ड कॉम्री यांनी 1976 च्या 'अ‍ॅस्पेक्ट' या ग्रंथात पूर्ण काळाचे चार अर्थ वेगळे केले : फलाचा, अनुभवाचा, चालत आलेल्या स्थितीचा आणि निकटच्या भूतकाळाचा.

या विवेचनाच्या प्रकाशात दोन्ही रूपांचा व्यवहार बराचसा उलगडतो. 'आय हॅव रिटन द रिपोर्ट' म्हणणारा अहवाल तयार असल्याचे सांगतो. 'आय हॅव बीन रायटिंग द रिपोर्ट' म्हणणारा आपला वेळ कशात गेला ते सांगतो. अहवाल झाला की नाही, याविषयी वाक्य मौन पाळते. फलाची मोजदाद आली की साधे पूर्ण रूप येते : सकाळपासून तीन पत्रे लिहिली, हे 'हॅव रिटन' नेच सांगावे लागते, मग चौथे पत्र हातात असले तरी हरकत नाही. पाहुणा एकदाच आला तर 'हॅज अराइव्ह्ड'. सकाळपासून एकामागून एक पाहुणे येत असतील तर त्या क्षणिक घटनांची मालिका बनते आणि 'हॅव बीन अरायव्हिंग' शोभते. राहणे किंवा नोकरी करणे यांसारख्या क्रियापदांबरोबर दोन्ही रूपे चालतात. चालू रूपातून वास्तव्य तात्पुरते असल्याची छटा सूचित होऊ शकते, एवढाच फरक राहतो. अशा ठिकाणी एकच उत्तर बरोबर मानणारा रिकाम्या जागेचा प्रश्न परीक्षेत विचारणे न्याय्य ठरत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

1. इंग्रजी पूर्ण काळाचा उगम उरलेल्या स्थितीत आहे. 'समाप्ती' हा अर्थ त्यास लॅटिन संज्ञेमुळे चिकटला आणि मराठीतील 'पूर्ण' या शब्दाने तो अधिक पक्का केला.

2. चालू पूर्ण काळ भाषेत चौदाव्या शतकापासून आढळतो. परंतु पूर्ण आणि अपूर्ण यांना परस्परविरोधी मानणाऱ्या व्याकरणांत त्यास स्वतंत्र स्थान मिळण्यास दीर्घ काळ लागला. स्थान मिळाले तेव्हाही त्याचे लक्षण दोन घरांच्या बेरजेतून ठरले.

3. 'संपलेली क्रिया' आणि 'चालू क्रिया' हा निकष, तसेच 'सिन्स' व 'फॉर' यांची खूण, ही दोन्ही निवडीसाठी अपुरी आहेत. क्रियापद कोणत्या वर्गातील आहे आणि वक्त्यास फल सांगावयाचे आहे की व्यापार, हे दोन प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. त्यामुळे महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बारा घरांचे कोष्टक तोंडपाठ करूनच येतो. ते कोष्टक पुसून टाकण्याची आवश्यकता नाही; रूपे ओळखण्यासाठी ते उपयुक्तच आहे. मात्र स्तंभांची नावे म्हणजे अर्थ नव्हेत, हे महाविद्यालयीन पातळीवर तरी सांगितले गेले पाहिजे. 'हॅव बीन नोइंग' असे लिहिणारा विद्यार्थी आपण शिकविलेल्या नियमाचे पालन करीत असतो. म्हणून उत्तरपत्रिकेतील त्या खुणेपूर्वी नियमाचीच दुरुस्ती होणे अगत्याचे आहे.